तांबूची वही

गटारीची दुसरी सकाळ कोयनानगरच्या कुत्र्यांना जड जाते. श्रावण लागायच्या आत सगळं संपवायचं असतं. त्यामुळे आदल्या रात्री घराघरांत शिजलेल्या रश्श्याचं उरलंसुरलं, चघळलेली हाडं, बाजूला काढलेली चरबी, तर्रीत भिजलेली भाकरी असं सगळं त्यांच्या पुढ्यात येतं. त्या वर्षी पहाटे चारच्या सुमारास आमची तांबू दार खरवडू लागली. बाहेर धो धो पाऊस. बिबट्याच्या भीतीने इथे रात्री कुत्री घरात घ्यावी लागतात, त्यामुळे दार उघडून तिला एकटीला सोडायची सोय नव्हती. छत्री आणि बॅटरी घेऊन मी तिच्यामागे उभी राहिले. उजेडात जे दिसलं ते पाण्यासारखं पातळ होतं, आणि मी ते पहिल्यांदा पाहत नव्हते.

तांबू म्हणजे तांबूस रंगाची, तीन वर्षांची, चौदा किलो वजनाची गावठी कुत्री. सात-आठ महिने तिचं असंच चाललं होतं. पंधरा दिवस बरे जायचे, मग दोन दिवस जुलाब, एखादी सकाळ पिवळ्या फेसाची उलटी, पोटात गुडगुड, अंगणातलं गवत ओरबाडून खाणं. मग आपोआप थांबायचं. थांबायचं म्हणूनच आम्ही ते मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी मात्र मी सगळ्यांना विचारत सुटले, की हिला काय द्यावं? शेजारच्या आजी म्हणाल्या, "दूध-भात दे गं, पोट थंड पडंल." कोपऱ्यावरचे चहावाले मामा म्हणाले, "बिस्किटं चालू ठेवा ताई, मैद्यानं पोट बांधतं." पुण्याहून आलेल्या भावाने गाडीतून दहा किलोचं पोतं उतरवलं. त्यावर सोनेरी अक्षरांत संवेदनशील पोटासाठी असं छापलेलं होतं. तिघांनीही प्रेमानेच सांगितलं होतं. तिघांचंही आम्ही एका आठवड्यात करून पाहिलं आणि तांबूची हाडं दिसायला लागली.

पाटणच्या पशुवैद्यांकडे तिला नेलं तेव्हाही मी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "काय द्यायचं ते नंतर बघू, ताई. आधी ती काय काय खाते ते सांगा." मी म्हटलं, सकाळी दूध-चपाती, संध्याकाळी भात आणि रविवारी चिकन. त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे?" मी बोटं मोजायला लागले. मामांची बिस्किटं. आजींच्या उंबऱ्यावरची शिळी भाकरी. समोरच्या घरातली मुलं शाळेच्या डब्यातलं उरलेलं देतात ते. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीतला वाटा. कोंबडीच्या दुकानापाशी मिळणारी कातडी आणि आतडी. दोन्ही हातांची बोटं संपली तरी तांबूचं जेवण संपेना. घरातली कुत्री म्हणून मी जिला सांगत होते, ती गल्लीची कुत्री होती. तिच्या पोटाचा प्रश्नही गल्लीचाच होता. पुढचे काही महिने मी जे शिकले त्याचं मूळ या मोजणीत आहे.

पण खाण्याकडे वळण्याआधी बाकीचे गुन्हेगार तपासावे लागतात. आपल्याकडे ही पायरी सर्रास गाळली जाते. पोट बिघडलं की माणूस जेवण बदलतो, दोन दिवसांनी पुन्हा बदलतो, आणि खरा दोष जंतांचा निघतो. अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितात. गोल जंत पिल्लांचं पोट नगाऱ्यासारखं फुगवतात. जिआर्डिया नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी साचलेल्या पाण्यातून येतो, आणि पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात साचलेलं पाणी कुठे नसतं? विष्ठेचा ताजा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यातलं पुष्कळसं कळतं. एकदा काही दिसलं नाही म्हणजे काही नाहीच असं नसतं, कारण अंडी आणि परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत, म्हणून नमुना दोन-तीन वेळा द्यावा. गोचिडांमुळे येणारा ताप, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, यकृताचे नि मूत्रपिंडाचे आजार यांतही खाणं सुटतं आणि उलट्या होतात. गटारीसारख्या रात्रीनंतर तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, कारण एकदम पोटात गेलेली चरबी ते बिघडवू शकते. असा कुत्रा पोट दुखतं म्हणून पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरतो.

काही लक्षणांना घरी बसून वाट पाहायची मुभाच नसते. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागले तर ते पार्व्हो असू शकतं आणि एक दिवसाचा उशीर जीव घेतो. डांबरासारखी काळी विष्ठा, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसणं, पाणीही न टिकणं, किंवा पोट फुगून कोरड्या उमाळ्या येणं, यांतलं काहीही दिसलं तर गाडी काढायची. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गावच्या दवाखान्यात होत नाहीत अशा तपासण्यांसाठी अशा ठिकाणी जायची तयारी मनाशी ठेवावी.

विष्ठेकडे नीट बघायलाही मला पाटणच्या दवाखान्यात त्या दिवशीच शिकवलं गेलं. जुलाब म्हटलं की आपल्याला एकच चित्र दिसतं, पण आतडं लहान की मोठं यावर ते बदलतं. लहान आतडं बिघडलं तर दिवसातून दोन-तीनदाच होतं, पण भरपूर आणि पातळ, आणि वजन उतरतं. मोठं आतडं बिघडलं तर कुत्रा वारंवार बसतो, कुंथतो, थोडंथोडं होतं, त्यात शेंबडासारखी आव आणि कधी ताजं लाल रक्त असतं, वजन मात्र फारसं हलत नाही. उलटीतही भेद आहे. पोट आत-बाहेर होऊन, उमाळे येऊन पडतं ती उलटी. मान खाली घालताच न पचलेलं अन्न सहज घरंगळून येतं ते अन्ननलिकेचं दुखणं, आणि त्याचा उपाय वेगळा. सकाळचा पिवळा फेस म्हणजे रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जठरात आलेलं पित्त. तांबूला झोपण्याआधी मूठभर भात द्यायला लागलो आणि तो फेस चार दिवसांत थांबला. एवढा साधा उपाय आणि त्यासाठी आम्ही आठ महिने थांबलो होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हाच दोनशे पानी वही केली. तारीख, काय खाल्लं, कोणी दिलं, किती वेळा झालं, कसं झालं. पशुवैद्य विष्ठेला एक ते सात गुण देतात. एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी, दोन-तीन म्हणजे उचलता येईल अशी, ओलसर पण आकार धरणारी. वहीत मी रोज तो आकडा लिहायला लागले. घरातल्यांनी नाकं मुरडली, पण पंधरा दिवसांनी पानं उलटताना जे दिसलं ते कोणाच्याच स्मरणात नव्हतं. सोमवार आणि मंगळवार वाईट जात होते.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण कुत्र्याचं पोट कशासाठी घडलं आहे हे माहीत नसेल तर सगळे सल्ले सारखेच वाटतात. माण-खटावच्या माळांवर लांडगा आहे आणि त्याचाच चुलता असलेला कोळसून कोयनेच्या जंगलात कळपाने सांबराची शिकार करतो. त्यांना पाहून काही जण म्हणतात, की कुत्र्याला कच्चं मांसच द्यावं, धान्य त्याचं अन्न नव्हे. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणारा अमायलेज हा विकर स्वादुपिंडात बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती होत्या. कुत्र्यात त्या 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की शेतीच्या प्रदेशांतल्या कुत्र्यांत त्या जास्त आणि बर्फाळ प्रदेशांतल्या शिकारी लोकांच्या कुत्र्यांत कमी आहेत. म्हणजे माणसाने धान्य पेरलं आणि त्याच्या उंबऱ्यावर बसलेल्या प्राण्याचं पोट पिढ्यान्‌पिढ्या त्या धान्याशी जुळत गेलं. आपली भाकरी कुत्र्याला परकी नाही. तो चावून चावून खात नाही आणि त्याच्या लाळेत आपल्यासारखं पिष्ट पचत नाही, म्हणून धान्य मऊ शिजलेलं हवं एवढंच. आपल्याला गिजगा वाटेल असा भात त्याला योग्य.

दुधाचं मात्र उलट आहे. पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा विकर भरपूर असतो. आईचं दूध सुटलं की तो कमी होत जातो. गाई-म्हशीच्या दुधात सुमारे पाच टक्के लॅक्टोज असतं, कुत्रीच्या दुधात त्याहून कमी. न पचलेली ही साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जीवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. थोडं दूध पुष्कळ कुत्र्यांना चालतं, वाटीभर दूध कित्येकांना चालत नाही. दह्यात लॅक्टोजचा काही भाग आंबून गेलेला असतो, म्हणून चमचाभर दही सोसतं. आजींचा दूध-भात पोट थंड करण्याऐवजी ढवळत होता तो यामुळे.

हे झालं न सोसणं. ॲलर्जी वेगळी. तिच्यात शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते, आणि मग पोटाबरोबर किंवा पोटाऐवजी कातडी बोलते. कान सारखे खाजतात, कुत्रा पंजे चाटून चाटून लाल करतो. 2016 मध्ये अन्नामुळे त्वचेची ॲलर्जी झालेल्या 297 कुत्र्यांची माहिती एकत्र मांडली गेली. 34 टक्क्यांत गोमांस, 17 टक्क्यांत दुधाचे पदार्थ, 15 टक्क्यांत कोंबडी, 13 टक्क्यांत गहू असे कारणांचे आकडे निघाले. या यादीतलं गोमांस बाजूला ठेवा आणि उरलेलं वाचा. दूध, चपाती, चिकन. महाराष्ट्रातल्या पाळलेल्या कुत्र्याचं रोजचं ताट तेच आहे. कोंबडी किंवा गहू मुळात वाईट आहे असं यातून निघत नाही. जे वारंवार पोटात जातं त्याच्याशीच शरीराचं वैर जडतं, म्हणून प्रत्येक देशात कुत्र्याला खुपणारा पदार्थ त्या देशाच्या स्वयंपाकघरात सापडतो.

भावाने आणलेल्या पोत्याची गोष्टही सांगायला हवी, कारण अशी पोती आता पाटण-कराडच्या दुकानांत रचलेली असतात. आजारी कुत्र्यासाठी वेगळं अन्न करावं ही कल्पना एका आंधळ्या माणसाच्या वाटाड्या कुत्रीमुळे रुजली. अमेरिकेत मॉरिस फ्रँक या तरुणाची बडी नावाची कुत्री होती, तिथली पहिली प्रसिद्ध वाटाडी कुत्री. 1939 च्या सुमारास न्यू जर्सीतल्या मार्क मॉरिस या पशुवैद्याने तिच्या बिघडलेल्या मूत्रपिंडांसाठी अन्न बेतून दिलं. ते इतरांनाही हवं झालं, बरण्यांत भरलं जाऊ लागलं, आणि 1948 मध्ये एका कारखान्यात त्याचे डबे निघू लागले. आज पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या अन्नाचं मूळ तिथे आहे. त्यातलं एक खरोखर उपयोगी आहे. प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराला ते ओळखूच येत नाहीत आणि ॲलर्जी जागी होत नाही. ते महाग असतं, पण ज्यांना घरी शिजवणं जमत नाही त्यांच्यासाठी तो भरवशाचा मार्ग आहे.

पोत्यावरच्या पुढच्या सोनेरी अक्षरांना मात्र फार अर्थ नसतो. ते उलटं करून मागची घटकांची यादी वाचायची. तांबूच्या पोत्यावर समोर मासा छापला होता आणि मागच्या यादीत मका आणि कोंबडीची भुकटी आधी येत होती. दुकानातल्या साध्या अन्नांच्या तपासण्यांत वेष्टनावर न लिहिलेली प्रथिनंही वेळोवेळी सापडली आहेत. ते सुदृढ कुत्र्याला बाधत नाही, पण ज्याला नेमकं तेच प्रथिन चालत नाही त्याच्यासाठी सगळा खटाटोप वाया जातो. धान्यविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाचा मोहही आवरावा. तांदूळ-गव्हाऐवजी वाटाणा-मसुरासारखी कडधान्यं भरलेल्या अशा अन्नाचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध असावा का, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये जाहीर केला. संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, पण गरज नसताना ती जोखीम कशाला घ्यायची?

कोयनेत पोत्याचा आणखी एक वैरी आहे, दमट हवा. इथे मोसमात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनपासून भिंती पाझरतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी साय येते, आणि उघडं पोतं आठ दिवसांत ओलावा धरतं. मका आणि शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृत निकामी करतं आणि शिजवून जात नाही. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत अशाच दूषित मक्याच्या खाद्याने शंभरहून जास्त कुत्री दगावली. म्हणून पावसाळ्यात लहान पिशवी आणायची, ती पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. आणि ज्या सवयीबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ती ही, की बुरशी आलेली भाकरी किंवा ब्रेड कुत्र्याला टाकू नये. आपण खाऊ शकत नाही म्हणून ते त्याला टाकणं आपल्याकडे पुण्याचं काम समजलं जातं. काही बुरश्यांच्या विषाने कुत्र्याला झटके येतात.

आता प्रत्यक्ष कृती. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, जंतांचं औषध होऊन आणि नमुने स्वच्छ आल्यावर, आम्ही तांबूची आहारचाचणी सुरू केली, म्हणजे तिला एका धान्यावर आणि एका प्राणिज पदार्थावर आणलं. अट एकच होती, प्राणिज पदार्थ तिने आजवर जवळजवळ न खाल्लेला हवा. मटणाची हाडं तिने जत्रेत खाल्ली होती, अंडी कधीमधी, कोंबडी कायमची. मासा मात्र नाही. पाटणच्या बाजारातून रोहू आणायचा, मीठ-हळद काही न घालता उकडायचा आणि बोटांनी एकेक काटा काढायचा. या जातीच्या कच्च्या माशांत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा विकर असतो, शिजवल्याने तो जातो, म्हणून कच्चा कधीच नाही. धान्य म्हणून तांदूळ, कारण तो क्वचितच बाधतो.

किती द्यायचं याचाही हिशेब आहे. नसबंदी झालेल्या, बेताच्या धावपळीच्या चौदा किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण 800 कॅलरी पुरतात. शिजलेला भात तीनशे ग्रॅम, मासा तीनशे ग्रॅम, दोन छोटे चमचे तेल, एवढ्यात ते जवळपास बसतं. पहिल्या आठवड्यात जुन्या जेवणात नवं थोडंथोडं मिसळत गेलो, पाव हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण. आतड्यातल्या जीवाणूंना नव्या अन्नाशी जुळायला सात ते दहा दिवस लागतात. चांगलं अन्नसुद्धा एका रात्रीत बदललं तर जुलाब होतात, आणि आपण त्या अन्नाला दोष देतो. दिवसाचं जेवण तीन वेळांत विभागलं. मोठ्या आतड्याला हलक्या तंतूंची मदत व्हावी म्हणून उकडलेला लाल भोपळा दोन चमचे.

भात आणि मांस हे आजारातलं जेवण आहे, आयुष्यभराचं नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, भातातही तेच. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने एवढंच दिलं तर त्याचं शरीर रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढतं आणि पाय वाकतात. एरवी अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा स्वस्त उपाय आहे, एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. पण चाचणी चालू असताना कवचाला चिकटलेला अंड्याचा अंशही नको, म्हणून पशुवैद्यांनी साध्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. पिल्लावर ही चाचणी कोणी आपल्या मनाने करू नये.

शिजवणं सोपं होतं, गल्ली सांभाळणं अवघड. चाचणीच्या काळात दुसरं काही म्हणजे काहीच पोटात जाता कामा नये. चवीच्या जंतगोळ्या, हाडाच्या आकाराचे चघळ, ताटाखालचं खरकटं, सगळं बंद. श्रावणाने मोठी मदत केली, महिनाभर चूल शाकाहारी, कोंबडीच्या दुकानाची फळी अर्धी लावलेली. मी घरोघर जाऊन सांगितलं. मामा हिरमुसले, कारण सकाळचं पहिलं बिस्किट तांबूला दिल्याशिवाय ते टपरी उघडत नसत. मग मीच त्यांच्याकडे एका डबीत उकडलेल्या माशाचे वाळवलेले तुकडे ठेवले. देणारा हात थांबवणं माणसाला जमत नाही, त्या हातात काय असावं ते बदलता येतं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. अशा मुलखात कुत्र्याला खाऊ घालू नका असं सांगणारी मी कोण?

वहीतले आकडे दुसऱ्या आठवड्यात सहावरून चारवर आले, तिसऱ्यात तीनवर. अन्नामुळे बिघडलेलं पोट बहुधा दोन ते चार आठवड्यांत सुधारतं. त्वचेला आठ आठवडे द्यावे लागतात, आणि तांबू पंजेही चाटायची, म्हणून आम्ही आठ ठरवले होते. सहाव्या आठवड्यात पितृपंधरवडा लागला. पितरांच्या पानातला कुत्र्याचा वाटा घेऊन आजी दारात आल्या. खीर, वडे, कढी. मी नको म्हटलं. आजी म्हणाल्या, "पितरांचं हाय गं. कुत्र्याच्या मुखात गेल्याबगर कसं चालंल?" मी गप्प बसले. तांबूने पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशी वहीत सहा लिहिलं, तिसऱ्या दिवशी सहा, मग हळूहळू तीन. त्या चुकीने आमचे दोन आठवडे वाढवले, पण संशयाचं बोट खिरीकडे वळवलं.

चाचणीचा उरलेला अर्धा भाग लोक सोडून देतात. कुत्रं बरं झालं की कोणाला ते पुन्हा बिघडवायचं नसतं. पण जुना पदार्थ एकेक करून परत दिल्याशिवाय दोषी ठरत नाही. पोटाची तक्रार बहुधा काही दिवसांत उमटते, कातडीची दोन आठवड्यांनीही. आम्ही प्रत्येक पदार्थाला दोन आठवडे दिले. चपाती दिली, काही झालं नाही. गव्हावर मी सगळ्यात जास्त संशय घेतला होता. बिनकातडीची उकडलेली कोंबडी दिली, तीही चालली. दूध दिलं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा छत्री-बॅटरी काढावी लागली. मग सोमवार-मंगळवारांचं काय? रविवारी कोंबडीबरोबर जाणारा रस्सा, तिची कातडी आणि दुकानापाशी मिळालेली चरबी. कोंबडी निर्दोष होती, तिच्यावरचं तेल आणि तिखट नव्हतं.

रश्श्यातला कांदा-लसूणही मी तेव्हाच कायमचा बंद केला. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. दर किलो वजनाला 15 ते 30 ग्रॅम कांदा गेला तर रक्तात फरक दिसतो. तांबूसाठी तो पाव किलोच्या आसपास होतो, एका वेळी एवढा जात नाही हे खरं, पण वाटणात तो आटून दाट झालेला असतो आणि रोज थोडाथोडा गेलेलाही बाधतो. द्राक्षं-बेदाणे आणि चॉकलेट यांना तर प्रमाणच विचारू नये. शिजलेली हाडं ठिसूळ होऊन त्यांच्या कपच्या निघतात आणि आतड्यात घुसतात.

आता तांबू सकाळी नाचणीची मऊ भाकरी आणि उकडलेलं अंडं खाते, संध्याकाळी भात, बिनकातडीची कोंबडी आणि भोपळा. झोपताना मूठभर भात. नाचणी इथल्या डोंगरउताराचंच धान्य, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेलं, तरी कवचाची पूड आम्ही सोडलेली नाही. शेजारच्या काळ्या कुत्र्याला हेच जेवण दिलं तर अंड्याने त्याच्या अंगावर पित्त उठतं, म्हणून त्याच्या मालकिणीने आता स्वतःची वही केली आहे. पंजे चाटणं तांबूने पुरतं सोडलेलं नाही. पशुवैद्यांचा संशय बुरशी किंवा परागकणांवर आहे, आणि त्या शोधाची पानं अजून कोरी आहेत.

या वर्षी सर्वपित्रीच्या दुपारी आजींनी हाक मारली. हातात केळीचं पान होतं. खिरीची वाटी गाईकडे गेली होती. तांबूच्या पानावर गरम भात होता, दूध न घातलेला, आणि त्यावर चमचाभर दही. "एवढं चालतं ना गं तिला?" त्यांनी विचारलं. मी वही काढून तारीख घातली आणि लिहिलं, भात-दही, आजींकडून. दुसऱ्या सकाळचा आकडा तीन.